भावजींचा डबा आणि व्हॉट्सॲपवरचं हायकोर्ट

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही सुदामा नगरला राहतो. खाली सासू-सासरे आणि आम्ही, वर दीर-जाऊ. मागच्या दिवाळीला भावजींनी घरातली रिचार्जवाली डिश बंद करवली आणि कुठूनतरी एक डबा आणून लावला, छत्री तीच जुनी, डबा नवा, वर्षाचे 2200 एकदा दिले की झालं, स्पोर्ट्स, मूव्ही, मराठी सगळं सुरू. वायफायला जोडावा लागतो, वायफाय आमच्या ह्यांच्या नावावर आहे. सासूबाई खूश, बाबा मॅचवर खूश म्हणून मी काही बोलले नाही. मग भावजींनी तसाच एक डबा त्यांच्या भंवरकुआच्या चहा-नाश्त्याच्या दुकानात लावला, तिथे कोचिंगची पोरं असतात, मॅचच्या दिवशी 60 रुपयांचं कूपन, त्यात चहा-मॅगी आणि बसायला जागा. आता गल्लीतल्या चार घरांना पण लावून दिलाय, त्यात थोडे पैसे सुटतात म्हणे. परवा ह्यांच्या व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली, वर अशोकस्तंभ, खाली 'हाय कोर्ट ऑफ इंदौर, सायबर विभाग', सॅटेलाइट सिग्नल अनधिकृत डिकोड केल्याबद्दल 18,500 रुपये दंड, तीन तासांत क्यूआरवर भरा नाहीतर डिजिटल अरेस्ट. हे भरायलाच निघाले होते, मी थांबवलं. भावजी हसतात, म्हणतात असा काही कायदाच नाही, सिग्नल आकाशातून आपल्या गच्चीवर पडतो, तो पाहायला कोणाची परमिशन. भाचा इंजिनीअरिंगला आहे, तो म्हणतो युरोपात कोर्टानेच हे चालतं म्हणून सांगितलंय. मी जास्त बोलले तर घरात मीच वाईट. काय करू? तुमची, सुदामा नगरची सून."

अगं सूनबाई, आधी तुला शाबास, ह्यांना थांबवलंस ते फार बरं केलंस. 18,500 वाचले आणि पुढचे पण वाचले, कारण एकदा भरले की असे लोक दुसऱ्या दिवशी "फाइल क्लोजिंग चार्ज" मागतात.

तो कागद खोटा आहे आणि हे मी न बघता सांगतेय. "हाय कोर्ट ऑफ इंदौर" नावाचं कोर्टच नाहीये. आपलं आहे ते मध्य प्रदेश हायकोर्ट, मुख्य पीठ जबलपूरला, खंडपीठं इंदूरला आणि ग्वाल्हेरला, आणि त्यात कुठला सायबर विभाग बसून दंडाचे क्यूआर वाटत नसतो. कोर्ट दंड करतं ते केस चालवून, समोरच्याचं ऐकून, तीन तासांची घड्याळं लावून नाही. आणि डिजिटल अरेस्ट हा शब्द आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. बरं, व्हॉट्सॲपवर आलं म्हणजे खोटंच असंही डोक्यात धरू नकोस, कोव्हिडच्या वेळी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानेच समन्स वगैरे ईमेल-व्हॉट्सॲपने द्यायला परवानगी दिली होती. पोलिसांनी आरोपीला हजर राहायला बोलावण्याची नोटीस मात्र व्हॉट्सॲपवर देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय. खऱ्या आदेशावर कोर्टाचं पूर्ण नाव असतं, केस नंबर, कोण विरुद्ध कोण, न्यायाधीशांचं नाव, पुढची तारीख. जिल्हा कोर्टाची केस असेल तर 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकला की केस समोर येते, आणि हायकोर्टाची केस पण नंबर टाकून बघता येते. त्या पीडीएफचा आणि नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा, 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार लिहवा आणि मग ब्लॉक करा. एवढंच, त्याच्यावर अजून वेळ घालवायची गरज नाही.

पण कागद खोटा निघाला म्हणून भावजी खरे ठरले असं समजू नका हं दोघं. फ्रॉडवाले मूर्ख नसतात, ज्याच्या मनात थोडी भीती आधीपासून आहे त्यालाच ते गाठतात, आणि तुमच्या घरात ती भीती बसायला जागा आहे.

एक प्रयोग करून बघ, आजच संध्याकाळी. बाबांची मॅच चालू असताना (खरं तर नंतर कर, नाहीतर तेच तुला अरेस्ट करतील) वायफायचा राउटर बंद कर आणि मनात वीस मोजायला लाग. वीसच्या आत चित्र अडकेल. आता विचार कर, छत्री गच्चीवर आहे, सिग्नल उपग्रहावरून येतोय, तारेने डब्यात उतरतोय, मग वायफायचं काय काम? रिचार्जवाली डिश होती तेव्हा नेट नसलं तरी टीव्ही चालायचाच ना. गोष्ट अशी आहे की पे चॅनेलचं चित्र उपग्रहावरून कुलूप लावून पाठवतात आणि त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी, साधारण दहाएक सेकंदांनी, बदलत राहते. खऱ्या डब्यातलं कार्ड, किंवा त्याच्या आतली चिप, ती किल्ली स्वतः काढते कारण कंपनीने त्या कार्डाला तसा हक्क दिलेला असतो. भावजींच्या डब्यात असं काहीच नाही. कुठल्यातरी शहरात कुठल्यातरी खोलीत कोणीतरी एक खरं कार्ड, पैसे भरलेलं, मशीनमध्ये खोचून ठेवलंय आणि त्यातून निघणारी किल्ली नेटवरून शेकडो डब्यांना सप्लाय करतोय, दर दहा सेकंदांनी एक. ह्याला कार्ड शेअरिंग म्हणतात. तुमचे 2200 त्या खोलीचं भाडं आहे. नेट गेलं, किल्ली आली नाही, चित्र थिजलं.

म्हणजे "आकाशातून पडतो" हे अर्धंच खरं. पडतो तो कुलूपबंद माल. रात्री सराफ्यात जाता ना तुम्ही, सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओटल्यांवर गराडू, जोशींचे दहीवडे, मालपुवा, हजारो लोक बसतात, सराफाला काही वाटत नाही. पण ओटल्यावर बसायला दिलं म्हणून कोणी शटर उचलून आत गेला तर? भावजींना हे असं सांगून बघ, इंदूरच्या माणसाला सराफ्याचं उदाहरण लवकर पोचतं.

आणि हा आकाशाचा मुद्दा भावजींच्या आधी पुष्कळ हुशार लोकांनी कोर्टात मांडून झालाय. कॅनडात लोक अमेरिकेच्या कंपनीचे डिश सिग्नल डिकोड करून बघायचे. त्यांचं म्हणणं, ती कंपनी आमच्या देशात विकतच नाही, मग नुकसान कोणाचं, आणि काहीजण तर खोटा अमेरिकन पत्ता देऊन त्या कंपनीला पैसे पण भरत होते. एप्रिल 2002 मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुलूपबंद सिग्नल डिकोड करायला बंदीच आहे, कॅनडात तो सिग्नल देण्याचा कायदेशीर हक्क ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी असली तरच चालेल, सिग्नल कुठल्या देशातून येतो याने फरक पडत नाही. पैसे भरणारे सुद्धा सुटले नाहीत. भावजींनी तर कंपनीला दमडी दिलेली नाही.

भाच्याचं पण ऐकून घेऊ, पोरगं अगदीच हवेत बोलत नाहीये. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला एक पब चालवणाऱ्या बाईंनी ग्रीसचं डिकोडर कार्ड आणून पबमध्ये इंग्लिश फुटबॉल दाखवलं, केस झाली, आणि 4 ऑक्टोबर 2011 ला युरोपच्या कोर्टाने सांगितलं की युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशात वापरायला बंदी घालता येत नाही, पुढे त्यांची शिक्षा रद्द झाली. पण भाच्याला विचार, ते कार्ड खरं होतं का? होतं. पैसे भरलेलं होतं का? होतं, फक्त ग्रीसच्या भावात. आणि त्याच निकालात असंही आहे की प्रसारणातलं ओपनिंग, गाणं, ग्राफिक्स ह्याच्यावर कॉपीराइट असतो आणि ते पबमध्ये दाखवायला परवानगी लागतेच. सुदामा नगर युरोपियन युनियनमध्ये यायचं आहे तोवर हा निकाल भाच्याने परीक्षेपुरता ठेवावा.

मला हे सगळं इतकं माहीत का, तर माझ्या माहेरचंच आहे. नव्वदच्या दशकात आमच्या काकांचं केबल होतं रामबागेत. गच्चीवर बारा फुटी जाळीची छत्री, जिन्याखालच्या खोलीला सगळे कंट्रोल रूम म्हणायचे, आत लोखंडी रॅकवर एकावर एक डिकोडर, प्रत्येक पे चॅनेलचा वेगळा, त्यात कार्ड खोचलेलं. उन्हाळ्यात टेबल फॅन त्या डिकोडरांकडे तोंड करून असायचा, काका घामाघूम. काकांनी कंपनीला घरं सांगितलेली 90 आणि तारा गेलेल्या 300 च्या वर. सगळेच केबलवाले करायचे तसं, काकांना त्यात चोरी वाटायचीच नाही, ते त्याला ॲडजस्टमेंट म्हणायचे. एक दिवस भारताची बॅटिंग चालू, आणि चित्र गपकन गेलं, काळ्या पडद्यावर एक ओळ, कार्ड अधिकृत नाही. कंपनीचा माणूस इंदूरला आलाच नव्हता, त्यांनी उपग्रहावरूनच कार्ड मारलं होतं, तशी सोय असतेच त्यात, प्रत्येक कार्डाला नंबर असतो आणि त्या नंबरला वरून हुकूम पाठवता येतो. पाच मिनिटांत जिन्यात पंचवीस माणसं, लहान पोरं रडताहेत, कोणी काकांच्या नावाने शंख करतंय, काकूने मुकाट्याने चहाचं आधण ठेवलं आणि काका मागच्या जिन्याने स्कूटर ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले, आवाज नको म्हणून तिथे जाऊन किक मारली. मी दहावीत होते, मीच त्या माणसांना खोटं सांगितलं की बाहेरगावी गेलेत. आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

अमेरिकेत हेच फार मोठं झालं होतं. डायरेक्टटीव्ही नावाच्या डिश कंपनीची कार्डं लोकांनी हॅक केली होती, कंपनीने कित्येक दिवस गुपचूप कोडचे तुकडे उपग्रहावरून सोडले आणि 21 जानेवारी 2001 ला, सुपर बोल म्हणजे त्यांच्या फुटबॉलच्या फायनलच्या आठवडाभर आधी, एका झटक्यात ती कार्डं कायमची मेली. त्या दिवसाला तिकडे ब्लॅक संडे म्हणतात. पुढे त्या कंपनीने हॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडून गिऱ्हाइकांच्या याद्या मिळवल्या आणि घराघरात पत्रं पाठवली, साडेतीन हजार डॉलर भरा नाहीतर केस, हजारो लोकांवर केसेस झाल्या सुद्धा. काहींनी तर ते यंत्र दुसऱ्या कामासाठी घेतलं होतं, आणि 2004 मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने सांगितलं की नुसतं यंत्र जवळ आहे एवढ्यावर कंपनीला दावा लावता येणार नाही. ह्यातलं तुझ्या कामाचं म्हणजे विकणाऱ्याकडची यादी. भावजींचं नाव अशा एका यादीत आहे आणि भावजींच्या मोबाईलमध्ये पण एक यादी आहे, चार घरांची.

आता आपल्या देशातलं. कायदाच नाही हे भावजींचं म्हणणं साफ चूक. कॉपीराइटच्या 1957 च्या कायद्यात कलम 37 आहे, प्रसारण करणाऱ्या कंपनीला त्या प्रसारणावर 25 वर्षं हक्क असतो, परवानगीशिवाय ते पुन्हा प्रसारित करणं, रेकॉर्ड करणं, आणि लोकांकडून पैसे घेऊन त्यांना दाखवणं, हे सगळं हक्काचं उल्लंघन. सूनबाई, "पैसे घेऊन" हे शब्द परत वाच आणि मग ते 60 रुपयांचं कूपन आठव. एखाद्या हॉटेलात टीव्ही चालू आहे आणि गिऱ्हाईक फक्त चहाचे पैसे देतंय तिथे वकील वाद घालू शकतात की हे दाखवण्याचे पैसे की चहाचे, पण मॅचच्याच दिवशी मॅचचंच कूपन छापलं की वादाला काही उरत नाही, भावजींनी स्वतःच्या हाताने पुरावा छापलाय. खरा रिचार्ज केलेला घरगुती डबा असता ना, तरी दुकानात लावणं कंपनीच्या अटींत बसलं नसतं, धंद्याच्या जागेला वेगळं कनेक्शन असतं.

मग 2012 च्या दुरुस्तीत कलम 65ए आलं, हक्क मोडायच्या इराद्याने असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम 63 वेगळं, जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड, आणि मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कलम 63 चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस आधी कोर्टाला न विचारता गुन्हा नोंदवू शकतात.

आणि कोर्टाचे आदेश कसे येतात तेही बघ, कारण भावजींना वाटतंय आपलं नाव कोणाला माहीत, कोण येतंय भंवरकुआला. 2002 मध्ये जपान-कोरियाला फुटबॉल वर्ल्ड कप चालू होता, भारतातले हक्क टेन स्पोर्ट्सकडे, आणि देशभर केबलवाले पैसे न देता दाखवत होते. नावं कोणाची घालणार, रोज नवा केबलवाला. तेव्हा 14 जून 2002 ला दिल्ली हायकोर्टाने नाव माहीत नसलेल्या लोकांविरुद्धच आदेश दिला, इंग्रजीत त्याला जॉन डो ऑर्डर म्हणतात, आपल्याकडे अशा बिननावाच्या प्रतिवादीला अशोक कुमार म्हणायची पद्धत पडली. कोर्टाने आपल्या वतीने बघून यायला एक कमिशनर नेमला (पोलीस कमिशनर नव्हे), त्याने लायसन्स नसलेल्या केबलवाल्याच्या जागेत जाऊन फोटो-व्हिडिओ पुरावा घ्यायचा. म्हणजे तुमचं नाव आदेशात छापलेलं नसलं तरी तुम्ही ते काम करताना सापडलात की तो अशोक कुमार तुम्हीच. (आमचे काका तोपर्यंत धंद्यातून बाहेर पडून किराणा दुकानात बसायला लागले होते, नाहीतर त्यांचं काय झालं असतं देव जाणे.)

आता तर कंपन्या स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच कोर्टात जातात, 2023 च्या क्रिकेट वर्ल्ड कपआधी दिल्ली हायकोर्टाने असाच आदेश दिला होता, मॅच चोरून दाखवणाऱ्या साइट्स बंद करायचा, आणि मध्येच नवीन साइट उगवली तर ती पण लगेच. चोरी व्हायच्या आधीच, होणार याच्या अंदाजावर मनाई. आणि मनाईचा आदेश मिळाल्यावर पण चालूच ठेवलं तर मूळ केस बाजूलाच राहते, आदेश मोडला म्हणून मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. लोक नेमके इथे अडकतात. पहिला कागद येतो, ते ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि दुसरा कागद येतो तो पहिल्याकडे दुर्लक्ष केल्याचा.

तुझा खरा प्रश्न, सासूबाईंना कोणी पकडून नेणार का. मला तसं वाटत नाही. कलम 37 च्या यादीत घरी बसून नुसतं बघणं नाहीये, आणि आपल्याकडचे आदेश मुख्यतः केबलवाले, डबे-लॉगिन विकणारे आणि साइटवाले यांच्या मागे लागतात. सासूबाई त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला शाल पांघरून बसल्यात. पण भावजी टोकाला नाहीत, ते मधोमध आहेत. दुकानात पैसे घेऊन दाखवतात आणि चार घरांना पैसे घेऊन लावून देतात. आणि घरातल्या डब्याला किल्ली ज्या नेटवरून येते ते तुझ्या यजमानांच्या नावावर. चौकशी झालीच तर पहिलं नाव कोणाचं निघेल सांग बरं.

म्हणून घरात बोलायचं तर कायद्यावरून सुरू करू नकोस, तू कलमं सांगायला लागलीस की भावजी भाच्याला बोलावतील आणि मग जाऊबाईंचा चेहरा आणि पुढचे आठ दिवस. आधी यजमानांना सांग की बोलायचं त्यांनी, सख्ख्या भावाने, तू नाही. आणि फक्त दोनच गोष्टी बोलायच्या, नेट माझ्या नावावर आहे म्हणून ह्या घरातला डबा ह्या आठवड्यात निघेल, आणि कूपन बंद. बाकी तू काय करायचं ते तू ठरव, असं म्हणून उठायचं. भावजी ओरडतील, वर्षाचे पैसे अजून संपायचे आहेत म्हणतील. संपू देत. त्या डबेवाल्याकडे पैसे परत मागायला भांडत बसू नका, त्याच्याशी जेवढं कमी बोलणं तेवढं बरं. चार घरांकडून जे घेतलं ते मात्र भावजींनी गुपचूप परत करावं आणि डबे काढून आणावेत, गल्लीत राहायचंय. डबा काढला की वायफायचा पासवर्ड पण बदला. तो डबा कोणी बनवला, आत काय सॉफ्टवेअर घातलंय, कोणाला माहीत नाही, आणि त्याच वायफायवर तुमचे यूपीआयचे फोन चालतात, यजमानांचा नंबर त्या पीडीएफवाल्यांकडे कुठून गेला असेल याचा विचार करून ठेवा, मी आरोप करत नाही.

डबा काढून सासू-सासऱ्यांसमोर रिकामी भिंत ठेवायची नाही पण, नाहीतर दोन दिवसांत तोच डबा परत येईल. आधी दुसरी सोय, मग डबा काढायचा. महिन्याचा खर्चच नको असेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे, डिसेंबर 2004 पासून चालू आहे, आकाशातून खरंच फुकट पडणारा सिग्नल बघायचा तर तो हा. छत्री आणि डबा एकदा घ्यायचा, मग रिचार्ज नाही. जुनी छत्री चालेलही, पण तिचं तोंड फिरवावं लागतं, उपग्रह वेगळा आहे, ते काम छत्री लावणाऱ्याकडूनच करून घ्या, यजमानांना गच्चीवर चढवू नकोस. सह्याद्री दिसतं, डीडी स्पोर्ट्स दिसतं, आणि बाबांना सांग की 2007 च्या कायद्याप्रमाणे देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल खासगी कंपनीला दूरदर्शनला द्यावाच लागतो, त्यामुळे भारताच्या बऱ्याच वनडे आणि टी-20 मॅच तिथे फुकट बघता येतात. आयपीएल नाही. आयपीएलचं रडगाणं बाबा गातील, तयारी ठेव.

सासूबाईंना त्यांच्या ठरलेल्या सिरियलच हव्यात, तर जुनी रिचार्जवाली डिश परत सुरू करा, पण पूर्वी घेत होतात तसा सगळ्या जगाचा पॅक नको. 2019 पासून प्रत्येक चॅनेलची वेगळी किंमत लावून निवडायची सोय आहे, हे अजूनही निम्म्या लोकांना माहीत नाही, डीलर सांगत नाही कारण त्याला पॅक विकायचा असतो. सासूबाईंना विचार त्या खरंच किती चॅनेल बघतात. माझ्या सासूबाई 340 चॅनेलमधले चार बघायच्या, बाकीचे आम्ही हौसेने भरत होतो. कागदावर लिहून काढ, तेवढेच घे, स्पोर्ट्सचं एखादं फक्त सीझनपुरतं.

दुकानाचं भावजींचं ते बघतील, पण विचारलं तर सांग की टीव्ही ठेवायचाच असेल तर धंद्याचं कनेक्शन घ्या आणि त्याचा खर्च चहाच्या भावात काढा. भंवरकुआची पोरं मॅगीला येतात गं, मॅच त्यांच्या खिशातल्या फोनवर पण असते.

आणि समजा उद्या खरंच कागद आला, कोर्टाचा नाहीतर कंपनीच्या वकिलाचा, तर भावजींनी त्यावर फोन करून शिव्या द्यायच्या नाहीत आणि स्वतःच्या अक्षरात "चूक झाली" असं लिहून पण द्यायचं नाही, तारीख बघायची, पाकीट सुद्धा जपून ठेवायचं आणि तारखेच्या आत वकिलाकडे जायचं. तुझ्यापर्यंत किंवा जाऊबाईंपर्यंत काही आलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, 1987 च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि 15100 वर फोन करून पण विचारता येतं.

राउटरचा प्रयोग तेवढा यजमानांसमोर कर, भावजी पण तिथे असले तर उत्तम. चित्र थिजलं की काही बोलू नकोस, चहा टाकायला आत जा.